ट्विन लेन्स कॅमेरा घेताय? आधी वरचा डोळा आणि खालचा डोळा जुळतो का बघा

ट्विन लेन्स रिफ्लेक्स, म्हणजे एकावर एक दोन लेन्स असलेला जुना फिल्म कॅमेरा (वरची बघायला, खालची फोटो काढायला), घ्यायचा म्हटलं की सल्ला ठरलेला: "रोलीफ्लेक्सच घे, बाकी सगळे त्याच्या नकला." असं सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्या कॅमेऱ्याचं मागचं झाकणही कधी उघडलेलं नसतं. मी आजवर आठ घेतले, पाच विकले. १२० नंबरच्या फिल्मचा रोल, बारा फोटो, ५६ मिमीची चौकोनी निगेटिव्ह, एवढं सगळ्यांत सारखंच. एफ ८ वर, म्हणजे लेन्सचं भोक (अपर्चर) बरंचसं मिटवून, काढलेल्या प्रिंटमध्ये कुठला फोटो रोलीचा आणि कुठला याशिकाचा, हे मला ओळखता येत नाही. ओळखता येतं म्हणणाऱ्यावर माझा विश्वासही नाही. पन्नास-साठ वर्षं वापरलेल्या वस्तूत नावापेक्षा हातातला नग कसा राहिलाय, यावर सगळं ठरतं.

१. लेन्स बदलायची आहे का?
असेल तर मामिया सी२२० किंवा सी३३०. ५५ पासून २५० मिमीपर्यंत लेन्सच्या जोड्या मिळतात आणि लेन्समागे घड्यांचा भाता (बेलोज) असल्यामुळे अगदी जवळच्या वस्तूवरही फोकस होतो. फक्त घेण्याआधी गळ्यात अडकवून एकदा पर्वती चढून या, वजन कळेल.

२. नसेल तर या चारांतला एक
याशिकामॅट १२४जी भरपूर मिळतो. एके काळी लग्नाच्या फोटोवाल्यांच्या गळ्यात याशिकाच असायचा, म्हणून क्रँक (रोल पुढे सरकवायचा दांडा) फिरवून बघाच. दाते झिजले असतील तर हाताला कळतं. त्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरची १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. मीटर नाहीच असं समजा, मोबाइलवरचं ॲप पुरतं.

मिनोल्टा ऑटोकॉर्डची ७५ मिमी रोकोर लेन्स मला या सगळ्यांत आवडते. फोकसची दांडी लेन्सखाली असते. आतलं ग्रीस सुकलं की ती जड होते, आणि जोर लावला की मोडते. जड लागली तर कॅमेरा तसाच खाली ठेवा, "जरा तेल टाकलं की होईल" हे ऐकू नका.

रोलीकॉर्डला क्रँकऐवजी गुंडी, आणि शटर दर वेळी वेगळं ताणावं लागतं. सावकाश काम करणाऱ्याने हाच घ्यावा. रोलीफ्लेक्स ऑटोमॅट म्हणजे जे.जे.त शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांच्या हातात दिसतो त्या घराण्यातला. रोलची सुरुवात तो स्वतः चाचपून ओळखतो, पण त्यासाठी फिल्मच्या पाठीचा कागद आतल्या रुळांच्या मधून जायला हवा. वरून गेला की फोटोंची मोजणी सुरूच होत नाही.

शिकायला स्वस्त म्हणून ल्युबिटेल घेऊ नका. त्याच्या वरच्या, चित्र बघायच्या काचेवर फोकस दिसतो तो मधल्या बारक्या ठिपक्यात. शिकताना तर मोठी, स्वच्छ काच जास्तच लागते.

३. शटर आणि बुरशी
एक सेकंदावर ठेवून कान द्या. खरखर मधेच अडली तर शटर साफ करून घ्यावं लागेल. सेल्फ टायमरला हात लावू नका, जुन्यात तोच अडकतो. टॉर्च लावून खालच्या लेन्समध्ये बुरशीचे धागे शोधा. मुंबई-कोकणात चामडी केसमध्ये पावसाळे काढलेल्या कॅमेऱ्यात ते हमखास सापडतात. वरच्या लेन्समध्ये असतील तर चालवून घेता येतं.

४. दोन्ही लेन्स एकाच ठिकाणी बघतात का?
तुम्ही बघता वरच्या लेन्समधून, फोटो निघतो खालच्यातून. कोणी वरच्या लेन्समागचा आरसा काढून साफ केला, चित्र बघायची वरची काच बदलून जास्त उजळ "ब्राइट स्क्रीन" बसवली, की दोघांचं फोकस फुटतं. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: काच बदललीय का?

तपासायचं असं. कॅमेरा स्टँडवर, शटर बी वर (दाबून धरलं तोवर उघडं राहतं ते) केबल रिलीजने उघडं धरलेलं, अपर्चर पूर्ण उघडं. दीड मीटरवरच्या कॅलेंडरची एक तारीख वरच्या काचेत भिंगातून फोकस करा. आता मागचं झाकण उघडून फिल्मच्या जागी दुधी काचेची पट्टी धरा, खरखरीत बाजू लेन्सकडे, आणि तिच्यावर भिंग लावून तीच तारीख बघा. मग दूरच्या पाण्याच्या टाकीवर हेच पुन्हा करा.

इथे मी माती खाल्ली. मागचं झाकण उघडल्यावर फिल्मसमोर दिसणाऱ्या चौकोनी खिडकीच्या दोन्ही बाजूंना पट्ट्यांच्या दोन जोड्या असतात. फिल्म आतल्या जोडीवर टेकते. बाहेरची किंचित उंच असते, ती झाकणावरच्या, फिल्म सपाट धरणाऱ्या दाबपट्टीसाठी. मी दुधी काचेऐवजी बटर पेपर घेतला, तोही बाहेरच्या जोडीवर चिकटवला, फोकस चुकलेलं दिसलं, आणि धडधाकट ऑटोकॉर्ड "दुरुस्त" करून घेतला. कारागिराने मी सांगितलं तेच केलं. मामांच्या साठीशांतीचे दोन रोल धुऊन आले तेव्हा सगळ्यांचे डोळे धूसर आणि कान लखलखीत. ७५ मिमीच्या लेन्सला पाव मिलिमीटरची चूक दीड मीटरवर नऊ सेंटिमीटर होते. डोळ्यापासून कान साधारण तेवढाच. म्हणून बटर पेपर नको, तो मधे झोळही पडतो. फोटो फ्रेमवाल्याकडून बाहेरच्या पट्ट्यांच्या आत बसेल एवढ्या रुंदीची दुधी काच कापून घ्या आणि ती आतल्या जोडीवर टेकलीय हे नखाने चाचपून बघा.

जवळचं आणि दूरचं दोन्ही एकाच दिशेने चुकत असेल तर घाबरू नका, वरची लेन्स थोडी आत-बाहेर फिरवून जुळते. पण दुधी काचेवर डावी बाजू स्पष्ट आणि उजवी धूसर दिसली तर कॅमेरा कधीतरी पडलाय. फोकस थोडं बाहेर काढून लेन्स बसवलेली पुढची पाटी आणि बॉडी यांतलं अंतर चारही कोपऱ्यांत व्हर्नियरने मोजा. चार आकडे सारखे नसतील तर कितीही स्वस्त मिळो, परत द्या.

५. पहिला रोल
पूर्ण उघड्या अपर्चरवर काढा, सहा फोटो जवळचे, सहा दूरचे. रोल फक्त धुऊन घ्या आणि निगेटिव्हच भिंगाखाली बघा. प्रिंटचा खर्च नंतर.