प्रेशर वॉशर वापरताना या चुका टाळा

‘मशीन चालू होतं, आवाजही येतो, पण प्रेशरच नाही.’ प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याची जोरदार धार मारून धुणाऱ्या मशीनबद्दलची ही सगळ्यात नेहमीची तक्रार. पंप गेला असं समजून लोक थेट दुरुस्तीला धावतात. बहुतेक वेळा पंप ठणठणीत असतो, त्याला पाणीच पुरत नसतं. मशीनवर मिनिटाला 7 लिटर लिहिलं असेल, तर नळातून त्याहून थोडं जास्तच यायला हवं. मशीनला जोडायचा पाइप 10 लिटरच्या बादलीत सोडा आणि घड्याळ लावा. सव्वा मिनिटात बादली भरली, तर पाणी पुरेसं आहे. दोन मिनिटं लागली, तर मशीनला दोष देऊ नका. पाइप कुठे दुमडलाय का ते बघा, नळ पूर्ण उघडा.

पाणी पुरेसं असूनही धार धडधडत, तुटत येते? पंपात हवा शिरली आहे. बटण बंदच ठेवा, नळ सोडा आणि पाणी मारायच्या गनचा ट्रिगर दाबून धरा. फुसफुस थांबून सलग पाणी यायला लागलं की मगच मशीन चालू करा. खरं तर हे दर वेळी सुरुवातीलाच करायचं असतं. त्यानेही फरक पडला नाही, तर पाणी आत घेणाऱ्या तोंडाची जाळी काढून धुवा आणि तिथली रबरी रिंग चिरलीय का ते पाहा. नोझलमध्ये, म्हणजे धार बाहेर पडते त्या टोकात, वाळूचा एखादा कण अडकला तरी धार वाकडी होते. नोझल काढून बारीक तारेने भोक मोकळं करा आणि उलट बाजूने पाणी सोडा.

ट्रिगर सोडून मशीन तसंच घरघरत ठेवणं ही पंप मारणारी सवय. पेट्रोलवरच्या मशीनमध्ये तेच पाणी पंपात फिरत राहतं, तापतं आणि सील खराब करतं. दोन मिनिटांहून जास्त थांबायचं असेल तर सरळ बंद करा. ट्रिगर सोडल्यावर आपोआप थांबणारं विजेचं मशीन मध्येच स्वतःहून सुरू होत असेल, तर पाइप किंवा गन कुठेतरी गळतेय.

धार किती अंशात पसरते त्यावरून नोझलचे रंग सहसा ठरलेले असतात; अंश जितके कमी, तितकी धार टोकदार: लाल 0 अंश, पिवळं 15, हिरवं 25, पांढरं 40, काळं साबणासाठी. डाग हट्टी दिसला की हात लालकडे जातो, आणि लाकडाचे तंतू उभे राहतात, रंगाचे पापुद्रे निघतात. घरगुती कामाला लाल नोझल लागतच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पांढरं लावून दोन फुटांवरून सुरुवात करा, मग हळूहळू जवळ या. गाडीच्या टायरची बाजू मात्र जवळून मारू नका; आतून झालेली इजा वरून दिसत नाही.

आता सगळ्यात गंभीर चूक: धारेने पायावरचा चिखल काढणं, किंवा नोझलपुढे हात धरून प्रेशर बघणं. ही धार कातडी भेदून आत जाते. वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. आत मात्र पाणी, साबण आणि घाण खोलवर पसरलेली असते. पट्टी लावून वाट बघू नका. ताबडतोब रुग्णालयात जा आणि जखम उच्च दाबाच्या धारेची आहे हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, कारण अशा जखमेला अनेकदा तातडीची शस्त्रक्रिया लागते. काम करताना चष्मा आणि बंद बूट घाला, मुलांना लांब ठेवा. शिडीवर चढून गन चालवू नका, तिचा मागे बसणारा धक्का तोल घालवतो.

विजेच्या मशीनला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. पेट्रोलचं मशीन बंद जागेत चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

काम संपल्यावर मशीन आणि नळ बंद केला तरी पाइपमध्ये दाब उरतो. गन जमिनीकडे धरून ट्रिगर दाबा, उरलेलं पाणी जाऊ द्या, लॉक लावा आणि मगच नोझलला हात लावा.