ऑफिसचा टेबलफोन: कॉल ट्रान्सफर करताना कट का होतो?

मोबाइलवर वाढलेल्या मुलामुलींना ऑफिसच्या टेबलावरचा फोन चकवतो, याचं कारण त्यावरची बटणं नव्हेत. मोबाइलवर बोलताना बहुधा दोनच माणसं असतात. टेबलफोनवर सारखी तिघं असतात: बाहेरून फोन करणारा, तुम्ही, आणि ज्यांच्याशी त्याला बोलायचंय ते साहेब किंवा मॅडम. होल्ड, म्यूट, ट्रान्सफर, कॉन्फरन्स ही बटणं दुसरं काही करत नाहीत, या तिघांपैकी आत्ता कोण कोणाला ऐकतंय एवढंच बदलतात. म्हणून कुठलंही बटण दाबलं की मनात विचारायचं, 'आता बाहेरच्याला काय ऐकू येतंय?' ही सवय लागली की सेट कुठल्याही कंपनीचा असो, आठवड्याभरात हात बसतो.

आधी सेट कुठल्या जातीचा ते बघा. मागून टेलिफोनची बारीक वायर आणि छोटा आरजे-११ पिन येत असेल तर तो साधा ॲनालॉग सेट. बीटेल किंवा पॅनासॉनिकचे असे सेट अजून हजारो टेबलांवर आहेत. त्या फोनला स्वतःची अक्कल फारशी नसते. तो फक्त आकडे पाठवतो, सगळं काम आतल्या खोलीतला ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचे सगळे फोन आणि बाहेरच्या लाइन एकमेकांना जोडणारं मशीन, करतो. मागे नेटवर्कची जाड केबल, म्हणजे आरजे-४५, आणि पुढे स्क्रीन असेल तर तो आयपी फोन, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून चालणारा. ऑपरेटरच्या टेबलावर दिव्यांच्या रांगा असलेला तिसरा प्रकार दिसतो, तो डिजिटल की-फोन. तो त्याच कंपनीच्या ईपीएबीएक्सवर चालतो, उचलून दुसऱ्या सॉकेटला लावला तर मुका होतो. हे बघणं महत्त्वाचं आहे, कारण ट्रान्सफरची रीत पहिल्या दोन प्रकारांत उलटी असते आणि नवख्यांचे सगळ्यात जास्त कॉल तिथेच तुटतात.

ॲनालॉग सेटवरचं कामाचं बटण म्हणजे फ्लॅश. फ्लॅश दाबलं की फोन लाइन क्षणभर तोडतो आणि पुन्हा जोडतो. ईपीएबीएक्सला त्यातून कळतं की याला या कॉलचं काहीतरी करायचंय. मग तो बाहेरच्याला होल्डवर टाकतो, तिकडे म्युझिक सुरू होतं, आणि तुम्हाला नवा डायल टोन मिळतो. क्रम असा जातो:

'सर, एक मिनिट होल्ड करता का? अकाउंट्सला देते.' फ्लॅश. डायल टोन ऐकू आला की २१४, म्हणजे अकाउंट्सचं एक्सटेन्शन (ऑफिसातला आतला नंबर). रिंग जाते, मॅडम उचलतात. 'मॅडम, नाशिकहून डीलरचा फोन आहे, मार्चच्या बिलाबद्दल. देऊ का?' 'हो, दे.' आता रिसीव्हर खाली ठेवायचा. ठेवला की बाहेरचा आणि मॅडम जोडले जातात.

मॅडम म्हणाल्या, 'आत्ता नको, मीटिंगमध्ये आहे,' तर रिसीव्हर हातातच ठेवायचा. मॅडमनी फोन ठेवला की पुन्हा फ्लॅश, आणि बाहेरचा परत तुमच्याकडे येतो. काही ईपीएबीएक्समध्ये परत यायला फ्लॅशनंतर एखादा आकडाही दाबावा लागतो. तो कोणता ते पहिल्या दिवशी विचारून घ्या. २१४ एंगेज लागला तरी असंच, परत फ्लॅश. गडबडीत रिसीव्हर ठेवलाच, तर चांगला ईपीएबीएक्स तो कॉल तुमच्याकडे परत वाजवतो. साधा असेल तर गेलाच.

फ्लॅश दाबल्यावर कॉलच कटतो, ही तक्रार नेहमी येते. ही लाइन नक्की किती वेळ तुटावी हे ठरलेलं असतं, साधारण १०० ते ६०० मिलिसेकंद. सेट १०० वर असेल आणि ईपीएबीएक्सला जास्त हवं असेल तर काहीच होत नाही, बोलणं चालूच राहतं. उलट वेळ जास्त झाली तर ईपीएबीएक्सला वाटतं तुम्ही फोन ठेवला. ऑफिसातल्या एकाच टेबलावर ट्रान्सफर होत नसेल तर दोष बहुधा माणसात नसून त्या सेटच्या फ्लॅश टायमिंगमध्ये असतो. टेक्निशियनला 'फोन खराब आहे' असं सांगण्यापेक्षा 'फ्लॅश टाइम जुळवून द्या' असं सांगितलं तर काम पाच मिनिटांत होतं. बोटाने क्रेडल (रिसीव्हर ठेवल्यावर दाबला जाणारा खटका) टपकन दाबून फ्लॅश मारायची जुनी पद्धत टाळा. बोटाला मिलिसेकंद मोजता येत नाहीत.

आता आयपी फोन. सिस्को ७८४१ घेऊ, कारण कंपन्यांमध्ये तो बराच दिसतो. यावर होल्ड, ट्रान्सफर आणि कॉन्फरन्सची वेगळी बटणं आहेत, फ्लॅशची भानगडच नाही. कॉल चालू असताना ट्रान्सफर दाबा, बाहेरचा होल्डवर जातो. एक्सटेन्शन लावा, समोरच्याशी बोला, आणि *पुन्हा ट्रान्सफर दाबा*. ते दुसऱ्यांदा दाबणं हाच जोड. ॲनालॉगच्या सवयीने इथे रिसीव्हर खाली ठेवला तर सिस्कोच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये तुमचं मॅडमशी चाललेलं बोलणं तुटतं आणि बाहेरचा होल्डवरच लटकत राहतो. तो म्युझिक ऐकतोय, मॅडम वाट बघतायत, आणि आपण कॉल दिला या समाधानात तुम्ही चहाला गेलात. तिकडून तक्रार येते, 'तुमच्याकडे फोन लावला की गाणंच लावून ठेवतात.' काही कंपन्यांचे आयपी फोन रिसीव्हर ठेवल्यावरही जोडून देतात, पण त्यावर विसंबू नका. दुसऱ्यांदा बटण दाबणं बहुतेक आयपी फोनवर चालतं.

समोरच्याने उचलायच्या आत, रिंग जात असतानाच दुसऱ्यांदा ट्रान्सफर दाबलं तर तो ब्लाइंड ट्रान्सफर. पत्ता विचारणाऱ्या कुरिअरवाल्यासाठी ठीक आहे. तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाला असं ढकललं तर त्याला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागते आणि तो आधीच्या दुप्पट चिडून पोहोचतो. साहेबांच्या मोबाइलवर ब्लाइंड ट्रान्सफर तर करूच नये. ग्राहक आधी साहेबांची कॉलर ट्यून ऐकतो, आणि ती भजनाची असेल की सिनेमाची, हे आपल्या हातात नाही.

७८४१ वरच्या लाइनच्या बटणांचे रंग पाठ करा, स्क्रीन वाचण्यापेक्षा ते लवकर दिसतात. स्थिर हिरवा म्हणजे चालू कॉल. लुकलुकता हिरवा म्हणजे होल्डवर कोणीतरी आहे. लुकलुकता पिवळट म्हणजे येणारा कॉल. लाल म्हणजे ती लाइन दुसऱ्या टेबलावर कोणीतरी वापरतंय. जेवायला उठताना बटणांवर नजर टाकायची. हिरवा लुकलुकत असेल तर कोणीतरी अजून तुमची वाट बघतंय.

म्यूट आणि होल्ड यांत गल्लत करू नका. म्यूटमध्ये तुमचा आवाज बंद होतो, पण समोरच्याचा तुम्हाला ऐकू येत राहतो, आणि त्याला नुसती शांतता मिळते. दहा सेकंदांत तो 'हॅलो, हॅलो' करून फोन ठेवतो. शिंक आली, शेजारी कोणी मोठ्याने बोलायला लागलं तर म्यूट. फाइल शोधायची असेल तर होल्ड, आणि तेही सांगून. रिसीव्हरवर हात दाबून शेजारच्याशी बोलणं सर्वांत वाईट. हाताआडून आवाज जातो, आणि नेमकं ग्राहकाबद्दलचंच वाक्य जातं.

स्पीकरवरून रिसीव्हरवर यायचं तर नुसता रिसीव्हर उचला. उलट जाताना आधी स्पीकरचं बटण, मग रिसीव्हर खाली. क्रम चुकला की कॉल कट. स्वस्त सेटचा स्पीकर एका वेळी एकाच बाजूचा आवाज सोडतो, त्यामुळे दोघं एकदम बोलले की शब्द तुटतात. रक्कम किंवा खाते नंबर घ्यायचा असेल तर रिसीव्हरच बरा.

कॉन्फरन्स ट्रान्सफरसारखीच: बटण, तिसऱ्याचा नंबर, तो बोलायला लागला की पुन्हा बटण. यात तीन ठिकाणी घोळ होतो. तिसऱ्याने उचलायच्या आधीच जोडलं तर सगळे मिळून त्याची रिंग ऐकतात. जोडल्यानंतर कोणी एकाने त्याच्याकडचा दुसरा फोन घ्यायला होल्ड दाबलं, तर त्याच्या ऑफिसचं म्युझिक सगळ्यांच्या कानात वाजतं आणि बंद करायला तो तिथे नसतो. शिवाय अनेक आयपी फोनमध्ये तिघांचे आवाज ज्याने कॉन्फरन्स केली त्याच्याच सेटमध्ये एकत्र होतात, त्यामुळे त्याने फोन ठेवला की बाकीच्या दोघांचंही बोलणं तुटतं. 'तुम्ही बोला, मी ठेवते' म्हणण्याआधी आपल्याकडे काय होतं ते ऑफिसातल्याच फोनवर करून बघा.

बाहेरचा नंबर लावताना भारतात एक जास्तीचा गोंधळ आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो. आणि बऱ्याच ऑफिसांत बाहेरची लाइन घ्यायलाही शून्यच असतो. मग मोबाइलसाठी एक शून्य लाइनचा, दुसरा मोबाइलचा, मग दहा अंक, अशी बारा बटणं होतात. पुण्यातून मुंबईला लावायचं तर लाइनचा शून्य, मग ०२२ आणि आठ अंक. काही ईपीएबीएक्स दुसरा शून्य स्वतः घालतात, तेव्हा ऑफिसची रीत विचारून घ्या. मिस्ड कॉलच्या यादीतून परत फोन लागत नाही तो याचमुळे: यादीत नंबर आलेला असतो तसाच दिसतो, पुढचे शून्य नसतात. नंबर एडिट करून शून्य लावा, मग डायल करा. आणीबाणीच्या ११२ साठी आधी लाइनचा अंक लागतो का, हे ॲडमिनला विचारून सेटवर स्टिकर लावा. ते लावून बघायचं नाही.

ॲनालॉग सेटवर बँकेच्या किंवा कस्टमर केअरच्या 'एक दाबा, दोन दाबा'ला काहीच प्रतिसाद मिळत नसेल तर सेटच्या कडेचा किंवा खालचा खटका पल्सवर गेलाय का बघा. टोनवर प्रत्येक बटण दोन सुरांची जोडी पाठवतं आणि पलीकडचं मशीन ते सूर ओळखतं. पल्समध्ये नुसती लाइन तुटत-जुळत राहते, ते त्याला कळत नाही.

कॉल फॉरवर्ड तीन तऱ्हेचा असतो: सगळे कॉल, एंगेज असताना, आणि न उचलल्यास. रोजच्यासाठी तिसरा ठेवा. आपल्याकडची रिंग तीन सेकंदांच्या चक्रात वाजते, 'ट्रिंग-ट्रिंग' आणि मग दोन सेकंदांची शांतता. पंधरा सेकंद ठेवले तर पाच वेळा वाजून कॉल पुढे जातो. सगळे कॉल फॉरवर्ड करून रजेवर जाणं आणि परत आल्यावर ते काढायला विसरणं, हे 'माझा फोन वाजतच नाही'चं नेहमीचं कारण. डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे फोन वाजूच न देणारं सेटिंग) हे दुसरं, रिंगरचा खटका ऑफवर असणं हे तिसरं. रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन तुटक येत असेल तर बऱ्याच ईपीएबीएक्समध्ये त्याचा अर्थ फॉरवर्ड किंवा डीएनडी लागलेलं आहे असा असतो. स्वतःच्या मोबाइलवर फॉरवर्ड करण्याआधी विचारा. ॲनालॉग लाइनवर असा एक कॉल ऑफिसच्या दोन बाहेरच्या लाइन अडवतो, आणि तीनच लाइन असतील तर बाकीच्यांना एंगेज लागतो.

शेजारचा फोन वाजतोय, टेबलावर कोणी नाही, तर उठून जायची गरज नाही. पिकअप कोड मारून तो आपल्या सेटवर घेता येतो. ॲस्टरिस्क नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या सिस्टिममध्ये तो मुळात स्टार ८ असतो, इतरत्र वेगळा. मात्र तुम्ही दोघं एकाच पिकअप ग्रुपमध्ये, म्हणजे एकमेकांचे कॉल उचलू शकणाऱ्या फोनच्या गटात हवेत. विभाग बदलल्यावर कोड चालेनासा झाला तर ग्रुप बदलायचा राहिलाय.

केबलींचंही बघून ठेवा. रिसीव्हरच्या गुंडाळीच्या वायरीचा पिन हेडसेटच्या खाचेतही बसतो. साफसफाईनंतर 'स्पीकरवर ऐकू येतं, रिसीव्हरवर नाही' असं झालं तर आधी तिथे बघा. आयपी फोनच्या मागे दोन नेटवर्क खाचा असतात, एक भिंतीकडची आणि एक कॉम्प्युटरची. भिंतीकडची केबल चुकून कॉम्प्युटरच्या खाचेत गेली तर फोनला वीजच मिळत नाही, कारण ती बहुधा त्याच केबलमधून येते. आणि दोन्ही खाचांतल्या केबली भिंतीत खोचल्या तर नेटवर्कमध्ये लूप होऊन अख्ख्या मजल्याचं इंटरनेट बसू शकतं. कॉम्प्युटर फोनमधून जोडलेला असेल तर फोन रीस्टार्ट करताना त्याचंही नेट जातं, तेव्हा शेजाऱ्याची मीटिंग चालू नाही ना ते बघून मगच करा.

सराव दुपारी जेवणानंतर करा, तेव्हा फोन कमी येतात. तुमचं एक्सटेन्शन, सहकाऱ्याचं एक्सटेन्शन आणि एक मोबाइल एवढं पुरतं. मोबाइलवरून ऑफिसला फोन लावा आणि तो सहकाऱ्याच्या कानाशी द्या, म्हणजे होल्ड, म्यूट, ट्रान्सफर प्रत्येक वेळी बाहेरच्याला काय ऐकू येतं ते तो सांगेल. मग कॉल सहकाऱ्याच्या टेबलावर द्या, पण त्याला मुद्दाम न उचलायला सांगा, आणि बाहेरचा परत आपल्याकडे आणा. त्यानंतर तेच टेबल एंगेज ठेवून करा. हे दोन प्रसंग जमेपर्यंत खऱ्या ग्राहकाचा कॉल द्यायचा नाही, ऑपरेटरकडे पाठवायचा.