बोली जिंकून पैसे न देणारे आणि वर आपल्यालाच निगेटिव्ह देणारे: विक्रेत्यांनो, या चुका टाळा

ऑनलाइन लिलाव संपतो, वस्तू अपेक्षेपेक्षा चांगल्या भावाला गेलेली असते, आपण खुशीत बॉक्स शोधायला लागतो आणि मग काहीच होत नाही. पैसे नाहीत, मेसेज नाही. एक दिवस जातो, दोन जातात आणि तिसऱ्या दिवशी नवा विक्रेता रागाच्या भरात जे करतो ते मी इतक्यांदा बघितलंय (आणि एकदा स्वतः केलंय) की आता सविस्तर लिहायलाच बसले.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पैसे भरायची मुदत संपायच्या आत फीडबॅक (म्हणजे व्यवहारानंतर समोरच्याच्या खात्यावर द्यायचा पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह शेरा) देऊन मोकळं होणं.

माझा किस्सा सांगते. साइटचं नाव नको, तेव्हा तिथे विक्रेता आणि खरेदीदार दोघंही एकमेकांना निगेटिव्ह देऊ शकायचे. मी कॅमेऱ्याची एक जुनी ५० एमएमची मॅन्युअल लेन्स लिलावाला लावली होती. ११ फोटो काढले होते, त्यातला एक मागून टॉर्च मारून काढलेला, कारण जुन्या लेन्समध्ये आतून बुरशी धरते आणि जाणकार माणूस आधी तेच बघतो. माझी लेन्स अगदी स्वच्छ होती. शेवटच्या दहा मिनिटांत दोन जणांची चुरस लागली आणि भाव मी मनात धरलेल्याच्या दुप्पट गेला. जिंकणाऱ्याच्या खात्यावर फीडबॅक फक्त ३. तरी मी म्हटलं ठीक आहे, लगेच बिल पाठवलं. दिवसभर काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मेसेज केला, संध्याकाळी दुसरा, आणि रात्री तिसरा, ज्यात मी लिहिलं की पैसे द्यायचे नव्हते तर बोली कशाला लावलीत. तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या निगेटिव्ह दिलं, "पैसे देत नाही, फसवा माणूस, सावध राहा."

चाळीस मिनिटांत माझ्या खात्यावर त्याचं निगेटिव्ह. "वर्णनाप्रमाणे वस्तू नाही. लेन्सला बुरशी."

लेन्स माझ्या टेबलावर होती! बॉक्ससुद्धा बंद केलेला नव्हता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. मी सपोर्टला फोटो पाठवले, मेसेजेस पाठवले, तर उत्तर आलं की फीडबॅक हे त्या व्यक्तीचं मत आहे, शिवाय पैसे भरायची मुदत अजून संपलेली नव्हती आणि न भरल्याची तक्रार तुम्ही नोंदवलेलीच नाही. म्हणजे सिस्टिमच्या दृष्टीने तो अजून रीतसर खरेदीदार होता आणि मी त्याला मुदतीच्या आत फसवा म्हटलेलं होतं. माझे तोवर ६१ पॉझिटिव्ह होते, १०० टक्क्यांवरून ९८.४ वर आले. आकडा गेला त्याचं एवढं नाही वाटलं. खरी चपराक नंतर बसली, दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला मी लेन्स देऊ केली तेव्हा त्याने एकच ओळ लिहिली, "बुरशीचं काय?" त्याने माझं पान वाचलं होतं. त्या जागी मीही तेच विचारलं असतं. लेन्स पाच महिन्यांनी गेली, निम्म्या भावाला.

आणखी दोन दिवस गप्प बसले असते, मुदत संपल्यावर तक्रार टाकली असती, तर त्या साइटच्या नियमाप्रमाणे त्याचा फीडबॅक आपोआप पुसला गेला असता. दोन दिवस! हात दाखवून अवलक्षण याला म्हणतात.

यातली गोम अशी की फीडबॅक आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नव्या लोकांना त्या एकच वाटतात. फीडबॅक इतर लोक वाचतात, तक्रार सिस्टिम वाचते. पैसे न देणाऱ्याला जे काही व्हायचं ते तक्रारीमुळे होतं, तुमच्या चार तिखट शब्दांमुळे काही होत नाही. ईबे या लिलावाच्या साइटवर खरेदीदाराला पैसे भरायला साधारण चार दिवस असतात आणि पाचव्या दिवसापासून "खरेदीदाराने पैसे दिले नाहीत" हे कारण देऊन ऑर्डर रद्द करता येते. असं केलं की विक्रीवरचं कमिशन परत मिळतं, त्याच्या खात्यावर न भरल्याची नोंद होते आणि त्या व्यवहारावरून तो तुम्हाला फीडबॅक देऊ शकत नाही. ठराविक दिवसांनी हे आपोआप व्हावं अशी सेटिंगसुद्धा आहे, ती सुरू करून ठेवा म्हणजे रात्री अकरा वाजता रागात बटण दाबायची वेळच येत नाही. दुसऱ्या साइटवर विकत असाल तर दिवस वेगळे असतील, पण मुदत सगळीकडे असते आणि ती लिलाव लावायच्या आधी वाचायची असते.

माझी सवय आता अशी आहे. लिलाव संपल्यावर एक मेसेज, त्यात पाठवणीचा खर्च धरून एकूण रक्कम आणि पैसे आल्यावर किती दिवसांत पार्सल निघेल ते. ४८ तासांनी दुसरा मेसेज, "तुमची बोली जिंकली आहे, पैसे भरताना काही अडचण येत असेल तर कळवा, अमुक तारखेपर्यंत थांबते." बस. तिसरा मेसेज नाही. त्या तारखेचा रिमाइंडर फोनमध्ये लावते आणि विषय डोक्यातून काढून टाकते. खरंच अडचण असलेली माणसं या दुसऱ्या मेसेजला उत्तर देतात, कार्ड चाललं नाही, घरी आजारपण होतं, काहीही असू शकतं. ज्याला द्यायचेच नाहीत तो दहा मेसेजनेही देत नाही, उलट तुमचे दहा मेसेज स्क्रीनशॉट काढून "हे लोक त्रास देतात" म्हणून दाखवतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे ऑर्डर रद्द करताना हाताला येईल ते कारण निवडणं. मला याची फार चीड येते कारण हा निव्वळ आळस आहे. पटकन सुटका व्हावी म्हणून लोक "वस्तू उपलब्ध नाही" टाकतात. ईबेवर याचा अर्थ होतो की चूक तुमची, आणि ती तुमच्या खात्यावर दोष म्हणून मोजली जाते, अशा दोषांचं प्रमाण २ टक्क्यांच्या वर गेलं की विक्रेता म्हणून तुमचा दर्जा घसरतो. दुसरे काही जण दयाळूपणे "खरेदीदाराने रद्द करायला सांगितलं" टाकतात, त्याने काही सांगितलेलं नसताना. मग न भरल्याची नोंद त्याच्यावर होत नाही आणि तो पुढच्या विक्रेत्याकडे तेच करायला मोकळा. खरं कारण निवडा. मात्र एखाद्याने स्वतः लिहिलं की चुकून बोली लागली, माफ करा, तर त्याला सोडा. त्याला धडा शिकवायच्या नादात तीन आठवडे घालवणारे विक्रेते मी बघितलेत, हाती काही लागत नाही.

सेकंड चान्स ऑफरबद्दल थोडं, कारण इथे घाई करणारे हमखास फसतात. जिंकणारा पळाला की मागच्या बोलीवाल्याला वस्तू देऊ करता येते, ईबेवर लिलाव संपल्यापासून ६० दिवसांपर्यंत. किंमत असते त्याची स्वतःची सगळ्यात वरची बोली. आता त्याच्या जागी बसून बघा. बोली आपोआप वाढते, समोरचा जितका चढवेल तितकी, आपण ठरवलेल्या कमाल आकड्यापर्यंत. म्हणजे तो पळपुटा मध्ये नसता तर या बिचाऱ्याला वस्तू कदाचित खूप कमीत मिळाली असती, आणि आता त्याला कमाल आकड्यालाच घ्या म्हणून ऑफर येते. त्याला वाटणारच की तुम्हीच मित्राकडून बोली चढवून घेतली. म्हणून मी कोरी ऑफर कधीच पाठवत नाही, सोबत दोन ओळी लिहिते की जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत, तुम्हाला हवी असेल तर घ्या, नको असेल तर परत लिलावाला लावते. आणि भाव त्या पळपुट्यामुळे उगाच फुगलाय असं मला स्वतःला दिसत असेल तर ऑफर न देता सरळ परत लावते. कमी पैसे येतात कधी कधी. येऊ देत.

मित्राच्या खात्यावरून खरंच बोली चढवत असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, ती फसवणूक आहे आणि खातं बंद होतं.

पैसे खात्यात दिसल्याशिवाय पार्सल हलवायचं नाही. "पैसे भरले, हा बघा मेल" याला पुरावा म्हणत नाहीत, साइटवर लॉगिन करून स्वतः बघा.

शून्य फीडबॅकवाल्या सगळ्यांना ब्लॉक करू नका. आपण सगळे शून्यापासूनच सुरू झालो. ज्यांच्या नावावर पैसे न भरल्याच्या नोंदी आहेत त्यांना बोली लावता येऊ नये अशी सेटिंग असते, ती वापरा, आणि ज्याने तुम्हाला बुडवलं त्याचं नाव ब्लॉक लिस्टमध्ये त्याच दिवशी टाका, नाहीतर परत लावलेल्या वस्तूवर तोच येऊन बोली लावतो. माझ्याकडे आलाय.

आता सूड म्हणून दिलेल्या फीडबॅकबद्दल. ईबेवर फीडबॅक १९९६ पासून आहे आणि बरीच वर्षं दोघंही एकमेकांना निगेटिव्ह देऊ शकायचे. परिणाम असा व्हायचा की आधी कोण देतंय याची दोघं वाट बघत बसायचे, आणि खराब वस्तू मिळालेला खरेदीदारसुद्धा उलटं निगेटिव्ह येईल म्हणून गप्प राहायचा. शेवटी मे २००८ पासून विक्रेत्यांचा निगेटिव्ह देण्याचा अधिकारच काढून घेतला. तेव्हा विक्रेते खूप चिडले होते, पण मला तो निर्णय मुळात बरोबर वाटतो, कारण सूडाची सुरुवात बऱ्याचदा आमच्या बाजूनेच व्हायची. घरं भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये वेगळी वाट काढली, दोघांचे रिव्ह्यू एकदमच उघडायचे, म्हणजे दुसऱ्याचं वाचून आपलं लिहिता येत नाही. माझ्या मते लिलावासाठीही तेच सगळ्यात चांगलं. ज्या साइटवर अजून दोन्ही बाजूंनी निगेटिव्ह चालतं तिथे माझा नियम एकच, तक्रारीचा निकाल लागल्याशिवाय फीडबॅकच्या पानावर जायचंच नाही. आणि पॉझिटिव्ह देऊन खाली शिव्या लिहायच्या हा जो शॉर्टकट काही जण सुचवतात तो ईबेच्या नियमात बसत नाही.

धमकीचाही एक प्रकार असतो, "थोडे पैसे परत करा नाहीतर निगेटिव्ह देतो." याला साइटच्या मेसेजमध्येच उत्तर द्यायचं, फोनवर नाही, दुसऱ्या ॲपवर तर अजिबात नाही. वस्तू खरंच खराब निघाली असेल तर रिटर्न घ्या, त्याचा हक्क आहे तो. नसेल तर एक ओळ लिहा की रिटर्नचा पर्याय खुला आहे, आणि मेसेज रिपोर्ट करा. घासाघीस सुरू केलीत की तो सौदा होतो आणि मग सपोर्टलाही कळत नाही कोण कोणाला अडवतंय.

आणि तरीही निगेटिव्ह आलंच तर त्याखाली उत्तर लिहायची सोय असते. ते उत्तर पुढचा खरेदीदार वाचणार आहे, त्या माणसाला सुनावायला ती जागा नाही. लेन्सच्या वेळी मी रागात पाच ओळी टाइप केल्या होत्या, नशिबाने पाठवल्या नाहीत, रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी सगळं खोडून एवढंच लिहिलं, "पैसे आले नाहीत म्हणून वस्तू पाठवलीच नव्हती. लेन्स माझ्याकडेच आहे, मागाल तर टॉर्च मारून नवा फोटो पाठवते." पुढच्या पाच महिन्यांत चार जणांनी तो फोटो मागितला, आणि लेन्स घेतली ती त्यातल्याच एकाने.