इन्व्हर्टरची बॅटरी किती उरली, ते आता स्वयंपाकघरात दिसतं

खानापूरकडं पावसाळ्यात करंट गेला की कधी येईल याचा नेम नाही, आणि आमच्या इन्व्हर्टरवर नुसता हिरवा-लाल दिवा. म्हणून पडून असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला कामाला लावलं.

पायला ॲनालॉग, म्हणजे सतत कमी-जास्त होणारं, व्होल्टेज थेट वाचता येत नाही, पिनांना ३.३ व्होल्टच्या वर सोसत नाही. मध्ये व्होल्टेज मोजून पायला आकडा देणारं आयएनए२१९ मॉड्यूल घातलं. ते २६ व्होल्टपर्यंत मोजतं. त्यातून इन्व्हर्टरचा लोड मात्र नेऊ नका: त्याची ताकद ३.२ अँपिअर, इन्व्हर्टर ५० सहज ओढतो. फक्त व्होल्टेजसाठी बारीक वायर, आणि बॅटरीच्या प्लसजवळच फ्यूज. हा टाळायचा नाही.

खरी कटकट आकड्याची. मिक्सर लावला की व्होल्टेज बसतं, थांबवला की परत चढतं. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असेल तर १२.७ च्या आसपास, निम्मी असेल तर १२.१-१२.२, पण हे लोड काढून काही तास विसावल्यावरचं. म्हणून टक्के दाखवणं सोडूनच दिलं. आता ५ मिनिटांची सरासरी ११.८ च्या खाली गेली की स्क्रीनवर ‘पंखा बंद करा’ येतं. व्होल्टशी आईला देणंघेणं नाही. ती माडीकडं बघून ओरडते, “पंखा बंद कर रे, डबा सांगालाय!”