दोन फ्लॅश उडायचे, पण फोटोत दिसायचे नाहीत

तीन फ्लॅश लावले होते: कॅमेऱ्यावर एक, बाजूला छत्रीत दुसरा आणि पार्श्वभूमीवर तिसरा. बाकीचे दोन्ही ऑप्टिकल स्लेव्हवर, म्हणजे कुठल्याही इतर फ्लॅशचा उजेड दिसला की आपोआप उडणारे. डोळ्यांना तिन्ही एकदमच उडताना दिसत, फोटोत मात्र फक्त कॅमेऱ्यावरच्याचा उजेड. मी सेल बदलले, फ्लॅशची तोंडं फिरवली, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवला. सगळं व्यर्थ.

खरं कारण होतं टीटीएल, म्हणजे लेन्समधून येणारा उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवण्याची पद्धत. या पद्धतीत कॅमेरा शटर उघडण्याआधी उजेड मोजायला एक बारीकसा चमकारा सोडतो. तो आणि खरा फ्लॅश यांत इतकं कमी अंतर असतं की डोळ्यांना एकच लखलखाट वाटतो. माझे स्लेव्ह त्या पहिल्या चमकाऱ्यालाच उडून जात आणि शटर उघडेपर्यंत त्यांचा उजेड संपलेला असे.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर (ताकद आपण स्वतः ठरवायची), पूर्ण ताकदीच्या १/६४ वर ठेवला आणि रेड-आय (डोळे लाल दिसू नयेत म्हणून असलेलं सेटिंग) बंद केलं, कारण तेही आधी चमकारे सोडतं. पहिल्याच फोटोत तिन्ही उजेड! टीटीएल ठेवायचंच असेल तर काही फ्लॅशवर एस२ मोड असतो. त्यावर स्लेव्ह पहिल्या चमकाऱ्याकडे दुर्लक्ष करतो. माझ्या एकावर होता, दुसऱ्यावर नव्हता.

आता ताकद ठरवताना मी एका वेळी एकच फ्लॅश चालू ठेवतो, आधी मुख्य, मग बाकीचे. बाहेर कडक उन्हात मात्र स्लेव्हना चमकारा नीट दिसत नाही, तिथे रेडिओ ट्रिगरच (रेडिओ लहरींनी फ्लॅश उडवणारी उपकरणं) हवेत.