उपास आणि प्रार्थना : पवित्र शास्त्राला धरून उपास कसा करावा

उपास करायचे मनात आले की काय सोडायचे आणि किती तास सोडायचे, याचा विचार आधी सुरू होतो. पवित्र शास्त्र मात्र त्याच्याही आधीचा प्रश्न विचारते. जखऱ्याच्या सातव्या अध्यायात बेथेलची माणसे यरुशलेमात येतात. पाचव्या महिन्यातला शोकाचा उपास आता पुढेही पाळायचा का, एवढेच त्यांना विचारायचे असते. सत्तर वर्षे पाळलेला उपास तो. देव हो किंवा नाही असे उत्तर देत नाही, तर उलट विचारतो : इतकी वर्षे तुम्ही उपास केला, तो खरेच माझ्यासाठी केला का? पुढची सारी तयारी या प्रश्नाच्या उत्तरावर उभी राहते.

अर्थ आधी समजून घ्या

प्रायश्चित्ताच्या दिवसाची आज्ञा लेवीय 16:29 आणि 23:27 मध्ये आहे. तिथे ‘जेवू नका’ असे शब्द नाहीत. आपल्या जिवाला दंडन करा, म्हणजे त्याला नम्र करा, असे तिथे म्हटले आहे. मूळ इब्री क्रियापद ‘इन्ना’. हेच क्रियापद ‘अनुवाद’ या पुस्तकात (8:3) येते : देवाने इस्राएलाला रानात नम्र केले, त्याला भूक लागू दिली आणि मग मान्ना, म्हणजे देवाने रानात पुरवलेले अन्न, खाऊ घातला, कारण मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही हे त्याला कळावे. प्रभू येशूने चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतानाला जे वचन ऐकवले ते याच ओळीतले. स्तोत्र 35:13 मध्ये दावीद उपासाने आपला जीव नम्र केल्याचे सांगतो, तेव्हाही शब्द तोच आहे.

म्हणजे भूक ही देवाला द्यायची किंमत नाही. आपण दुसऱ्याच्या हातून जगतो हे पोटाला कळावे, आणि ते कळत असतानाच तोंडाने प्रार्थना व्हावी, यासाठी उपास आहे. प्रार्थना काढून घेतली तर उरते ती फक्त उपासमार. शास्त्रातले उपास म्हणूनच जवळजवळ नेहमी कशाला तरी जोडलेले दिसतात. मिस्पा येथे ते पापांच्या कबुलीला जोडलेले आहेत (1 शमुवेल 7:6), अहवा नदीकाठी वाटेतल्या रक्षणाच्या विनंतीला (एज्रा 8:21-23) आणि अंत्युखियात बर्णबा व शौल यांना कामावर पाठवण्याला (प्रेषितांची कृत्ये 13:2-3).

हेतू एका वाक्यात लिहा

‘आशीर्वाद मिळावा’ हा हेतू फार सैल आहे. अहवा नदीकाठी यरुशलेमाच्या वाटेवर असलेल्या एज्राची मागणी पाहा : आमच्यासाठी, आमच्या मुलाबाळांसाठी आणि मालमत्तेसाठी सुखरूप वाट. राजाकडे स्वार मागायला त्याला लाज वाटली होती, कारण देवाचा हात आपल्यावर आहे असे तो राजाला आधीच सांगून बसला होता. इतकी नेमकी गोष्ट असली की प्रार्थना भरकटत नाही. कागदावर एकच वाक्य लिहा : कोणत्या पापाची कबुली, कोणत्या माणसासाठी विनंती, कोणत्या निर्णयासाठी प्रकाश. एका दिवसाला एकच हेतू. पाच विषय घेतले तर दुपारपर्यंत एकही नीट होत नाही.

मुदत आणि प्रकार

लेवीय 23:32 प्रमाणे दिवस संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत मोजला जातो. सूर्यास्तापूर्वी जेवायचे, दुसऱ्या दिवशीचा नाश्ता व दुपारचे जेवण सोडायचे आणि सूर्यास्तानंतर उपास सोडायचा. शास्ते 20:26 आणि 2 शमुवेल 1:12 मधले उपास ‘संध्याकाळपर्यंत’ होते. नवख्याने एका जेवणापासून सुरुवात करावी : आठवड्यातून एकदा, असे तीन-चार आठवडे. मग दोन जेवणे, आणि त्यानंतर पूर्ण दिवस.

अंशतः उपासाचा नमुना दानिएल 10:2-3 मध्ये आहे : तीन आठवडे रुचकर अन्न, मांस व द्राक्षारस वर्ज्य, अंगाला तेलही नाही. याच्याशी पहिल्या अध्यायातला दहा दिवसांचा शाकाहार जोडला जातो, ती गल्लत आहे. तिथे राजाच्या अन्नाने विटाळ होऊ नये हा प्रश्न होता आणि त्याला शास्त्र उपास म्हणत नाही. कष्टाचे काम करणाऱ्याला किंवा प्रकृती नाजूक असलेल्याला तीन आठवड्यांचा हा साधा आहार पूर्ण उपासापेक्षा जास्त मानवतो, आणि त्यात काही कमीपणा नाही.

एस्तेर राणीचा उपास अन्नपाण्याविना तीन दिवसांचा होता (4:16). पण तो एका पूर्ण लोकसमूहाच्या नाशाचा हुकूम निघाल्यावरचा होता, आणि तिसऱ्याच दिवशी ती राजवस्त्रे घालून राजापुढे उभी राहिली (5:1). त्यामुळे तो पुरे बहात्तर तास चालला असे धरता येत नाही. मोशे चाळीस दिवस पाण्याशिवाय राहिला तो सीनाय पर्वतावर देवाच्या सान्निध्यात. येशूबद्दल मत्तय म्हणतो की त्याला भूक लागली; तहानेचा उल्लेख नाही. ही उदाहरणे अनुकरणासाठी दिलेली नाहीत. पाणी सोडू नका.

आधीचे चार दिवस

उपासात डोके दुखते ते पुष्कळदा नुसत्या भुकेमुळे नव्हे, चहा-कॉफी अचानक तुटल्यामुळेही. तीन-चार दिवस आधीपासून रोज एकेक कप कमी करा. आदल्या रात्री ठासून जेवू नका. जड व खारट जेवणाने तहान वाढते आणि सकाळची सुरुवातच अस्वस्थ होते.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुले, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि खाण्याशी निगडित मानसिक आजार होऊन गेलेले लोक यांनी अन्नाचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. औषध स्वतःच्या मनाने थांबवू नये. त्यांनी दुसरे काही सोडावे : मोबाइल, करमणूक, गोड पदार्थ. हेतू आणि प्रार्थनेचा वेळ मात्र तोच ठेवावा.

मोकळा झालेला वेळ भरा

बहुतेक उपास इथेच फसतात. जेवण सुटते, पण त्या जागी काम येऊन बसते. नहेम्या 9:3 मध्ये प्रमाण दिले आहे : दिवसाचा एक चतुर्थांश नियमशास्त्राचे वाचन, दुसरा चतुर्थांश पापांची कबुली आणि भजन. म्हणजे दिवसाउजेडाच्या बारा तासांपैकी तीन तास ऐकण्यात, तीन तास बोलण्यात. तेवढे जमणार नाही, पण वाटणी तीच ठेवा. जेवणाची पाऊण तासाची वेळ असेल तर वीस मिनिटे वाचन, वीस मिनिटे प्रार्थना, उरलेली पाच मिनिटे गप्प बसून मनात आलेले लिहून ठेवणे. सकाळी स्तोत्र 51, दुपारी यशया 58, संध्याकाळी मत्तय 6 असा क्रम चांगला बसतो. वाचन मोठ्याने करा. रिकाम्या पोटी डोळे ओळींवरून नुसतेच घसरतात.

प्रार्थनेची घडण शिकायची तर नहेम्याचा पहिला अध्याय घ्या. यरुशलेमाचा तट पडल्याचे ऐकून पारसाच्या राजाच्या चाकरीतला नहेम्या तिथे उपास करून प्रार्थना करतो. तो आधी देवाचा करार आणि दया आठवतो. मग कबुली देतो, आणि ती ‘त्यांनी’ पाप केले अशी नसते, तर ‘मी व माझ्या बापाच्या घराण्याने’ अशी असते. मग देवाला त्याच्याच वचनाची आठवण देतो आणि अगदी शेवटी मागणे मांडतो : या माणसासमोर, म्हणजे राजासमोर, माझ्यावर दया होऊ दे. किसलेव महिन्यात सुरू झालेली ही विनवणी निसान महिना उजाडेपर्यंत, सुमारे चार महिने, चालली. एवढ्या काळात त्याने प्यालेबरदाराचे, म्हणजे राजाला द्राक्षारस देण्याचे, काम सोडले नाही. राजाने विचारले तेव्हा तट बांधायला जाण्यासाठी किती दिवस लागतील, कोणाची पत्रे हवीत, लाकूड कोणाकडून घ्यायचे, हे सगळे त्याच्याकडे तयार होते. उपासप्रार्थना करणाऱ्याने नियोजनाकडे पाठ फिरवली तर नहेम्याकडून तो अर्धेच शिकला.

तोंड धुवा, आणि जेवण कोणाला तरी द्या

मत्तय 6:16-18 मध्ये प्रभू सांगतो की डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. तेव्हा हे रोजचेच नीटनेटकेपण होते. रोजच्यासारखे आवरा आणि मलूल चेहऱ्याने फिरू नका. घरात स्वयंपाक करणाऱ्याला मात्र आधी सांगा. त्याने गुप्तता मोडत नाही. न सांगता ताट परत पाठवले तर घरात उगाच मन दुखते. एकत्र केलेला उपासही या वचनाविरुद्ध जात नाही. योएल 1:14 मध्ये तो जाहीर करायला सांगितले आहे. लोकांनी पाहावे म्हणून करणे, हा दोष आहे.

यशया 58 तर प्रत्येक उपासाच्या दिवशी वाचावा. लोक तक्रार करतात की आम्ही उपास केला आणि तू पाहिलेही नाहीस. देव दाखवतो : उपासाच्याच दिवशी तुम्ही मजुरांना राबवता आणि भांडता. भुकेने चिडचिड होते, आणि ती वर नव्हे, खाली ओघळते : मुलांवर, हाताखालच्यांवर. दुपारनंतरचे दोन-तीन तास सर्वांत नाजूक. कठीण बोलणी त्या वेळेत ठेवू नका. सातव्या वचनात भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याची आज्ञा आहे. सुटलेल्या जेवणाचा खर्च किती ते मोजा आणि त्याच दिवशी तो एखाद्या गरजूच्या हाती पोहोचवा. पुढच्या महिन्यासाठी ठेवलेले तसेच राहून जाते.

कुठे चुकते

इस्राएलाच्या शौल राजाने लढाईच्या दिवशी सगळ्या सैन्यावर उपासाची शपथ लादली (1 शमुवेल 14). माणसे गळून गेली आणि संध्याकाळ होताच लुटीच्या जनावरांवर तुटून पडून रक्तासकट मांस खाऊ लागली. लादलेला उपास मोडताना आज्ञाही मोडली. मंडळीत उपास ठेवताना विषय, वेळ आणि ठिकाण एकत्र ठरवा, पण ‘ज्याला जमेल त्याने’ ही मोकळीक खरीखुरी असू द्या. कोण जेवले याची विचारपूस नको.

दुसरी चूक म्हणजे उपासाने देवाचा हात पिरगाळता येतो असे मानणे. दावीद आजारी मुलासाठी सात दिवस जमिनीवर पडून राहिला आणि मूल गेले (2 शमुवेल 12). त्याच्या उपासात काही उणे होते असे शास्त्र कुठेही म्हणत नाही. मागितलेले मिळाले नाही म्हणून ‘अजून एक दिवस कमी पडला’ असे कोणाला सांगू नका. दुःखात असलेल्या माणसावर तो क्रूर भार होतो. भूतबाधेतून सुटकेबद्दलच्या मार्क 9:29 मधले ‘आणि उपासाने’ हे शब्द सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी काहींत नाहीत, मत्तय 17:21 हे पूर्ण वचनही तसेच. म्हणून केवळ त्या आधारावर उपासाला सुटकेचे यंत्र बनवणे टिकत नाही.

तिसरी चूक मोजदादीची. लूक 18 मधला परूशी आठवड्यातून दोनदा उपास करत होता आणि तो आकडा त्याने प्रार्थनेतच सांगितला.

अंगाकडे लक्ष आणि उपास सोडणे

दिवसभरात साधारण दोन लिटर पाणी, थोडे थोडे प्या. उठताना हळू उठा, रक्तदाब खाली जातो. थंडी वाजणे, तोंडाला वास येणे, मंदपणा हे नेहमीचेच. भोवळ, छातीत धडधड, गोंधळल्यासारखे होणे, सतत उलटी यांपैकी काही झाले तर तिथेच खा. उपास तेवढ्यावर संपला. त्यात पाप नाही. बरे वाटले नाही तर डॉक्टर गाठा.

मूल गेल्यावर दावीद उठला, त्याने स्नान केले, वस्त्रे बदलली, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन भजन केले आणि मग घरी येऊन अन्न मागितले. हाच क्रम ठेवा. ताटावर बसण्याआधी दहा मिनिटे उपकारस्तुती आणि हेतू लिहिलेल्या कागदावर खाली दोन ओळी. मग अर्धे फळ किंवा वाटीभर सूप, अर्ध्या तासाने नेहमीच्या निम्मे मऊ जेवण. तळलेले, तिखट आणि फार गोड दुसऱ्या दिवसावर ढकला. तीन दिवसांहून लांब उपास झाला असेल तर जितके दिवस उपास, त्याच्या निम्मे दिवस तरी आहार हळूहळू वाढवत न्या. पाच दिवस किंवा जास्त जवळजवळ काहीच न खाल्लेल्याला एकदम भरपूर जेवण दिले तर रक्तातले क्षार झपाट्याने घसरून हृदयाला धोका होतो. इतका लांब उपास डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय धरूही नये आणि सोडूही नये.