निघण्याआधी पासपोर्टवरचं नाव अक्षर-अक्षर वाचा

2025 च्या उन्हाळ्यात मी जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत इंटर्नशिप केली. जायचं होतं 2 जूनला, पोचले 19 जूनला. मधले सतरा दिवस कुठे गेले ते आधी सांगते. बाकीची माहिती तुम्हाला चार ठिकाणी मिळेल, ही मला कुणीच दिली नव्हती.

समजा माझं नाव रेखा, वडिलांचं ज्ञानोबा, आडनाव कदम. खरी नावं वेगळी आहेत, गुंता हाच होता. लातूर बोर्डाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर 'कदम रेखा ज्ञानोबा'. बारावीवर तेच, कॉलेजच्या हजेरीपटावर तेच. पहिलीपासून हाताला तेच वळण. आधारवर मात्र 'रेखा ज्ञानोबा कदम', आणि त्यात ज्ञानोबाचं इंग्रजी स्पेलिंग 'जी वाय' पासून सुरू होणारं, कारण कार्ड काढणाऱ्याने ऐकलं तसं टाईप केलं. गुणपत्रिकेवर ते 'डी एन वाय' आहे. आपल्या भागात ज्ञानोबा, ज्ञानेश्वर, ज्ञानदेव घरोघरी आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते. पासपोर्टच्या वेळीच पहिली ठेच लागली. आधार दुरुस्त करून आणा म्हणून परत पाठवलं. ते केलं. (आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा दुरुस्ती करताना घाई नको.) पासपोर्ट हातात आला तसं मला वाटलं, नावाचं प्रकरण संपलं.

ते संपलं नव्हतं. प्राध्यापकांना पाठवलेल्या बायोडेटावर मी सवयीने 'कदम रेखा ज्ञानोबा' लिहिलं होतं. तिकडचा माणूस पहिला शब्द स्वतःचं नाव समजतो आणि शेवटचा आडनाव. त्यांच्या ऑफिसने निमंत्रणपत्र तयार केलं त्यात माझं नाव झालं कदम आणि आडनाव झालं ज्ञानोबा. पत्र आलं त्या रात्री मी ते दहा वेळा वाचलं. विद्यापीठाचं चिन्ह पाहिलं, सही पाहिली, प्रयोगशाळेचा पत्ता नकाशावर शोधला. स्वतःचं नाव वाचलं नाही. स्वतःचं नाव माणूस वाचत नाही, ते बरोबरच असणार असं धरून पुढे जातो.

आणखी वाईट म्हणजे ते पत्र एकदा दुरुस्तही करून घेतलं होतं. मुक्काम 'तीन महिने, 1 जून ते 31 ऑगस्ट' असा होता. शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा थोड्या दिवसांचा व्हिसा) 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, आणि पोचल्याचा दिवस व निघाल्याचा दिवस दोन्ही त्यात मोजतात. 1 जून ते 31 ऑगस्ट म्हणजे 92 दिवस. एका सीनिअर दादाच्या ते लक्षात आलं. मी तारखा 2 जून ते 29 ऑगस्ट करून मागितल्या, नवं पत्र आलं. तेच उलटं नाव घेऊन आलं, आणि मी पुन्हा फक्त तारखाच पाहिल्या.

मग प्रवासाचा विमा काढला, तो निमंत्रणपत्र समोर ठेवून. कॉलेजने ना हरकत पत्र दिलं, ते गुणपत्रिकेवरून. म्हणजे एका फाइलीत पासपोर्ट धरून चार कागद आणि तीन वेगवेगळ्या मुली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लातूर एक्स्प्रेसने रात्रभर बसून मी आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, व्हिसाचा अर्ज द्यायला मुंबईला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट आणि पत्र शेजारी ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, हे पत्र कुणाचं आहे? मला घाम फुटला. असाच अर्ज दिला तर नाकारला जाण्याची जोखीम तुमची, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी फाइल परत घेतली. बाहेर आल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "आगं, समदी नावं आपलीच हायेत की." त्यांना काय समजावणार होते मी!

पुढच्याच आठवड्यात तिकडे ईस्टरची सुट्टी लागली. 18 एप्रिलचा गुड फ्रायडे, 21 चा ईस्टर सोमवार, त्याला लोकांनी जोडलेल्या रजा. दुरुस्त पत्र महिनाअखेरीला आलं. पुढची अपॉइंटमेंट थेट मेच्या शेवटच्या आठवड्यात मिळाली. विमानाचं तिकीट परताव्याचं नव्हतं, ते गेलं. ते पैसे सोयाबीन विकून आलेल्या पट्टीतले होते. अजूनही आठवलं की पोटात तुटतं.

तर आता नीट ऐका. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला दोन ओळी असतात, मशीनने वाचायच्या. वरच्या ओळीत देशाच्या अक्षरांनंतर आधी आडनाव, मग बाणाच्या टोकासारखी दोन चिन्हं, मग तुमचं नाव आणि त्यात वडिलांचं नाव असेल तर तेही. ही ओळ म्हणजे परदेशासाठी तुमचं नाव. पहिला ईमेल लिहायच्या आधी ती कागदावर उतरवून काढा, आणि बायोडेटावर 'नाव' आणि 'आडनाव' असे दोन वेगळे रकाने करा. प्राध्यापक निमंत्रणपत्र द्यायला तयार झाले की पासपोर्टच्या त्या पानाची प्रत त्यांच्या ऑफिसला पाठवा आणि साध्या वाक्यात लिहा: पत्रात नाव कृपया असंच छापावं. विमा, तिकीट, ना हरकत पत्र, बोनाफाईड, बँकेचं पत्र, सगळं त्याच ओळीवरून. कॉलेजचा क्लार्क 'रेकॉर्डला असंच आहे' म्हणेल. त्यांना विनंती करा की गुणपत्रिकेवरचं नाव लिहा, पण कंसात पासपोर्टप्रमाणे नाव आणि पासपोर्ट नंबरही टाका. मला दुसऱ्या वेळी तसं मिळालं आणि चाललं.

पासपोर्ट अजून काढला नसेल तर तुम्ही नशीबवान आहात. नेहमीच्या 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये आहे, तत्काळला वर 2000. अर्ज स्वतः भरा. ऑनलाइन सेंटरवाला पन्नास-शंभर रुपयांत भरून देतो हे खरं, पण तो दिवसाला तीस अर्ज भरतो, आणि आडनावाच्या चौकोनात काय गेलं याचं त्याला सोयरसुतक नसतं. अर्जात आडनावाचा एक चौकोन आहे आणि नावाचा एक. वडिलांचं नाव घ्यायचं असेल तर ते नावाच्या चौकोनात, स्वतःच्या नावानंतर. आडनावाचा चौकोन रिकामा सोडू नका.

पैशांच्या कागदांबद्दल. शेतकऱ्यांच्या पोरांना इथे फार भीती वाटते, कारण यादीत वडिलांचं आयकर विवरण मागितलेलं असतं आणि अप्पांनी ते कधी भरलेलंच नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी एका पानाचं इंग्रजी पत्र लिहिलं: वडील शेतकरी आहेत, शेती उत्पन्न करमुक्त आहे, सोबत सातबारा, आडतीच्या पट्ट्या आणि बँकेचा उतारा. पट्ट्या आणि खात्यातल्या जमा रकमा जुळवून दाखवल्या. मुलाखतीच्या आधी आठ दिवस पाहुण्यांकडून दोन लाख आणून खात्यात टाकायचे, हा सल्ला मलाही मिळाला होता. तसं करू नका. उतारा तीन महिन्यांचा मागतात, अचानक आलेली रक्कम पहिल्यांदा डोळ्यात येते. माझा मुख्य आधार विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचं पत्र होता, आणि बहुतेकांचा तोच असावा. खर्चाची हमी यजमानांकडून लेखी मिळत नसेल तर त्या इंटर्नशिपचा पुन्हा विचार करा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीबद्दल बरेच जण विचारतात. ती पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी आहे, इंटर्नशिपसाठी नाही.

माझा मुक्काम संशोधनाचा, बिनपगारी आणि 90 दिवसांच्या आतला होता, म्हणून शेंगेन व्हिसा. कंपनीत काम असेल, पगार असेल, तर नियम बदलतात. व्हिसा कोणता लागेल हे यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला लेखी विचारा, व्हॉट्सअपच्या ग्रुपला नाही. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. फी 90 युरो, विमा किमान 30,000 युरोचा, पासपोर्टची मुदत परतण्याच्या तारखेनंतर तीन महिने तरी हवी आणि दोन पानं कोरी हवीत. निकाल साधारण 15 दिवसांत लागतो, पण 45 पर्यंत जाऊ शकतो, आणि अपॉइंटमेंट मिळायला लागणारे दिवस यात धरलेले नाहीत. तिकीट रद्द करता येईल असंच काढा.

एजंटाबद्दल माझं मत कडक आहे. पैसे घेऊन 'इंटर्नशिप मिळवून देतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. मी 41 ईमेल पाठवले. पहिले तीस एकाच साच्यातले होते, सीनिअरकडून घेतलेले, त्यांना एकही उत्तर आलं नाही. नंतर प्रत्येक प्राध्यापकाचा एक शोधनिबंध वाचून, त्यातली मला न कळलेली एक गोष्ट विचारत लिहायला लागले. अकरांत तीन उत्तरं आली. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या आपल्याला नोट्स तयार मिळायची सवय असते. या कामाला तयार नोट्स नाहीत. गाईडही असा निवडा जो तुमचा मसुदा लाल पेनाने भरून परत देईल. 'छान आहे, पाठव' म्हणणाऱ्या सरांचं प्रेम खरं असतं, उपयोग होत नाही.

घाबरू मात्र नका. इंग्रजी अडखळतं म्हणून मी महिनाभर झोपले नव्हते. तिथे निम्म्या लोकांचं इंग्रजी माझ्यासारखंच होतं, आणि हळू बोललेलं सगळ्यांना आवडायचं. विद्यापीठाची परीक्षा लांबून जूनमध्ये येऊ शकते, तेवढं वेळापत्रक आधीच विभागप्रमुखांशी बोलून ठेवा.

सामानात शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, धपाट्यांचं पीठ न्या. दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूप आणि कुंथलगिरीचा पेढा घरीच ठेवा. आईने बांधलेला डबा मी विमानतळावर मामाच्या हातात परत दिला.

दुसऱ्या अपॉइंटमेंटच्या रात्री गाडीत अप्पांनी सगळे कागद मांडीवर घेतले होते. ते सातवी शिकलेत. एका हातात पासपोर्ट, दुसऱ्या हाताचं बोट पत्रावर, एकेक इंग्रजी अक्षर ते मोठ्याने वाचत होते आणि मी 'हो' म्हणत होते. बार्शी येईपर्यंत सगळी फाइल झाली.

प्रयोगशाळेत पोचले तर माझ्या टेबलावर जुन्या पत्रावरून छापलेली नावाची पट्टी होती: ज्ञानोबा. तिचा फोटो काढून अप्पांना पाठवला. मग लगेच ऑफिसात जाऊन ती बदलून घेतली, कारण शेवटचं प्रमाणपत्रही त्याच नावाने छापणार होते.